फसफसणारी शर्बेट पूड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शर्बेट म्हणजे नेमके काय?

ब्रिटनमध्ये ‘शर्बेट’ या नावाने विकली जाणारी मिठाई म्हणजे पिठीसाखरेसारखी बारीक, पांढरी किंवा फिकट पिवळसर पूड. ती जिभेवर ठेवताच फसफसू लागते. तिच्यात मुख्यतः तीनच पदार्थ असतात: साखर किंवा डेक्स्ट्रोज, खाण्याजोगे एखादे आम्ल (सायट्रिक, टार्टारिक किंवा मॅलिक) आणि खायचा सोडा. स्वादासाठी लिंबाचा किंवा संत्र्याचा अर्क असतो. पूड कोरडी असते तोवर आम्ल आणि सोडा शेजारीशेजारी निमूट राहतात. ओलावा लागला की दोघांची क्रिया सुरू होते आणि कार्बन डायॉक्साइड वायू बाहेर पडतो.

म्हणजे ही मिठाई दुकानाच्या बरणीत असताना पुरी झालेली नसते. तिला लागणारा शेवटचा घटक पाणी, आणि ते खाणाऱ्याच्या तोंडात असते. माझ्या मते या पुडीचा इतिहास आणि तिची गोडी या दोन्हींचे मूळ इथेच आहे.

अमेरिकेत मात्र याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथे ‘शर्बेट’ मागितले तर फळांचा रस आणि थोडे दूध घालून गोठवलेला बर्फासारखा पदार्थ मिळतो. त्या गोठवलेल्या पदार्थाविषयी येथे लिहिलेले नाही.

हा शब्द म्हणजे आपले ‘सरबत’च का?

होय, शब्द एकच आहे. अरबीतील ‘शरिब’ म्हणजे पिणे. त्या धातूपासून ‘शराब’ आला, ‘शर्बत’ आला आणि युरोपात जाऊन ‘सिरप’ही झाला. फारसीतून ‘शर्बत’ मराठीत आला आणि ‘सरबत’ म्हणून इतका रुळला की लिंबू सरबत किंवा कोकम सरबत म्हणताना तो शब्द बाहेरचा आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. तुर्कीत तोच शब्द ‘शेर्बेत’ झाला आणि तुर्की व फारसीच्या वाटेने सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत पोहोचला. इटालियन ‘सोर्बेत्तो’ आणि फ्रेंच ‘सोर्बे’ ही याच घराण्यातली भावंडे.

सरबताने मराठीत आपला अर्थ सोडला नाही. आपल्याकडे ते आजही पेयच आहे. इंग्लंडमध्येही आरंभी ते पेयच होते. १६६० च्या दशकात लंडनच्या कॉफीगृहांच्या जाहिरातींत कॉफीबरोबरच तुर्कस्तानात केलेल्या, लिंबू, गुलाब आणि व्हायोलेट फुलांचा सुवास असलेल्या शर्बेटचा उल्लेख येतो. आता इतक्या दूरवरून सरबत आणायचे तर ते पातळ स्वरूपात आणणे कठीण. सतराव्या शतकात इराणात राहिलेला फ्रेंच प्रवासी शार्दँ याने नोंदवून ठेवले आहे की तुर्कस्तानात सरबते साखरेसारख्या पुडीच्या रूपात ठेवतात. तुर्कस्तानात बाळंतिणीसाठी आणि तिला भेटायला येणाऱ्यांसाठी करतात ते लाल मसालेदार सरबत आजही साखरेच्या वडीच्या रूपात विकत मिळते आणि घरी पाण्यात उकळून घेतले जाते. कोरडे सरबत बाळगायचे आणि ऐन वेळी पाणी घालायचे, ही कल्पना अशी फार जुनी आहे. त्या पुडीत अजून फसफस तेवढी नव्हती.

मग फसफस कुठून आली?

ती औषधाच्या दुकानातून आली. मिठाईच्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

युरोपात नैसर्गिक झऱ्यांचे बुडबुडेदार पाणी आरोग्यदायी मानले जाई आणि श्रीमंत माणसे ते पिण्यासाठी लांबचा प्रवास करीत. तसे पाणी घरी करता आले तर, या विचाराने अनेकांना पछाडले होते. इंग्लंडमधील लीड्स शहरात मद्याच्या कारखान्याशेजारी राहणारे शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी आंबवणाच्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मुरवता येतो हे १७६७ मध्ये दाखवले आणि १७७२ मध्ये त्याची रीत छापून प्रसिद्ध केली. त्याच सुमारास स्वीडनमध्ये कार्ल विल्हेल्म शेले यांनी १७६९ साली टार्टारिक आम्ल आणि १७८४ साली लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. पुडीत मिसळता येईल असे कोरडे आम्ल त्यामुळे हाती आले. ते सोड्याबरोबर पाण्यात टाकले की यंत्रावाचून बुडबुडे तयार होतात.

१८१५ साली इंग्लंडमध्ये ‘सेडलिट्झ पावडर’ या सारकाचे, म्हणजे पोट साफ करणाऱ्या औषधाचे, पेटंट घेतले गेले. बोहेमियातील एका प्रसिद्ध झऱ्याच्या गावाचे नाव तिला दिले होते. ती दोन पुड्यांत मिळे: निळ्या कागदात सोडा आणि एक क्षार, पांढऱ्या कागदात टार्टारिक आम्ल. दोन्ही पाण्यात कालवायच्या आणि फेस उतरायच्या आत प्यायच्या. आम्ल आणि सोडा वेगळे ठेवण्याची ही काळजी म्हणजे दमटपणाशी केलेली तडजोडच होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूकॅसल शहरातील औषधविक्रेते जेम्स क्रॉस्ली ईनो यांनी आपले ‘फ्रूट सॉल्ट’ विकायला सुरुवात केली. तेच हे आपले इनो. जळजळीवर घेतले जाणारे आणि घाईच्या ढोकळ्यात पडणारे इनो शर्बेट पुडीचे सख्खे चुलत भावंड आहे. भारतातल्या पुडीवर घटकांची नावे ‘स्वर्जिक्षार’ आणि ‘निंबुकाम्लम्’ अशी वाचायला मिळतात. त्यांचा अर्थ सोडा आणि सायट्रिक आम्ल असाच आहे. त्यात साखर आणि स्वाद घाला, की शर्बेट हाकेच्या अंतरावर आहे.

औषधाचे पेय व्हायलाही वेळ लागला नाही. १८५० च्या सुमारास लंडनच्या रस्त्यांवरील फेरीवाल्यांची माहिती गोळा करणारे पत्रकार हेन्री मेह्यू यांनी लिंबूपाणी आणि शर्बेट विकणाऱ्यांची कृती लिहून ठेवली आहे. सोडा, टार्टारिक आम्ल आणि साखर समसमान वजनाने घ्यायची, त्यात लिंबाचा अर्क टाकायचा, ही पूड बरणीत ठेवायची आणि गिऱ्हाईक आले की पेल्यातल्या पाण्यात चमचाभर ढवळून फेसासकट हातात द्यायची. अर्ध्या पेनीत एक पेला. खऱ्या लिंबाचा त्यात थेंबही नसला तरी उन्हात पायपीट करणाऱ्या गरीब माणसाला फेसाळ पेय परवडू लागले ते या पुडीमुळे.

पेयाची पूड मिठाई कशी झाली?

मुलांमुळे. याला कागदोपत्री पुरावा शोधायची गरज नाही. घरात ग्लुकोजचा डबा असलेल्या कोणालाही हे ठाऊक आहे. पाण्यात कालवून प्यायची गोड पूड घरात आली की तिला ओले बोट लागणारच. अमेरिकेत ‘पिक्सी स्टिक्स’ या पुडीच्या मिठाईची कहाणीही हीच आहे: पाण्यात मिसळायची फळांच्या स्वादाची पूड मुले कोरडीच खातात हे पाहून उत्पादकांनी ती कागदी नळ्यांत भरून मिठाई म्हणून विकायला काढली.

उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशायर आणि लँकशायर भागात, या पुडीला ‘केली’ म्हणत आणि जुनी माणसे अजूनही म्हणतात. हा शब्द ‘अल्कली’चा अपभ्रंश मानला जातो, आणि ‘अल्कली’ अरबी ‘अल-कली’ म्हणजे वनस्पतींच्या राखेतून काढलेला क्षार यावरून आला आहे. एकाच पुडीची दोन नावे, एक पिण्यावरून आणि एक क्षारावरून, आणि दोन्ही अखेर अरबीच. दुकानदार ही पूड मोठ्या बरणीतून तोलून कागदाच्या त्रिकोणी पुडीत देई आणि मुले त्यात बोट बुडवून चाटत. रंगीत ‘केली’ खाल्ली की ते एक बोट पिवळे होऊन राही आणि शाळेत मुलाची चोरी पकडली जाई.

कारखान्यात बांधलेल्या शर्बेटमध्ये सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे बॅरॅट कंपनीचे ‘शर्बेट फाउंटन’. जॉर्ज ऑस्बोर्न बॅरॅट यांनी १८४८ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या या कंपनीने १९२५ मध्ये ते बाजारात आणले. फटाक्याच्या नळकांड्यासारखी पिवळ्या कागदाची गुंडाळी, आत पूड, आणि वरच्या तोंडातून डोकावणारी ज्येष्ठमधाची काळी कांडी, असे त्याचे रूप होते.

त्यात ज्येष्ठमध कशासाठी?

‘लिकरिश’ म्हणजे ज्येष्ठमध, हे कळल्यावर अनेक मराठी वाचकांना आश्चर्य वाटते. खोकल्यासाठी आपण ज्याचा तुकडा तोंडात धरतो तेच हे मूळ. यॉर्कशायरमधील पॉन्टेफ्रॅक्ट गावाच्या परिसरात त्याची लागवड शतकानुशतके होत असे आणि तिथे ज्येष्ठमधाच्या अर्काच्या काळ्या चकत्या करण्याची परंपरा आहे. अर्कात काकवी आणि मैदा मिसळून शिजवले की चिवट, लवचीक, काळा गोळा तयार होतो आणि त्याच्या कांड्या करता येतात.

फाउंटनमधली कांडी पूर्वी पोकळ असे. टोक चावून काढायचे आणि तिचीच नळी करून पूड ओढायची, अशी मूळ योजना होती. ती लाळेने चिकटून बुजत असे, म्हणून बहुतेक मुले शेवटी कांडी चाटून पुडीत बुडवीत आणि पुन्हा चाटत. पुढे कांडी भरीवच केली गेली. चवीच्या दृष्टीने ही जोडी फार विचाराने जमवलेली वाटते. पूड आंबट, हलकी आणि क्षणात विरणारी, तर ज्येष्ठमध जड, किंचित कडवट आणि तोंडात रेंगाळणारा. एकाने दुसऱ्याचा कंटाळा येऊ दिला नाही.

२००९ साली कागदी नळकांडे जाऊन त्याच्या जागी बंद प्लॅस्टिकची नळी आली आणि कांडीही आत गेली. स्वच्छता आणि टिकाऊपणा हे कारण योग्यच होते, कारण उघड्या तोंडाच्या कागदात पूड दमट होई आणि कांडी वाळून कडक होई. तरीही अनेक ब्रिटिश ग्राहक हळहळले, आणि मला त्यांची हळहळ पटते. कागद दिवसभर खिशात राहून मऊ पडे आणि पूड संपत आली की नळकांडे फाडून आतली कड चाटता येई. प्लॅस्टिकच्या नळीत ही सोय उरली नाही.

‘उडत्या तबकड्या’ म्हणजे काय? त्यांचा कागद खरोखर खायचा असतो का?

हो, तो खायचाच असतो, किंबहुना त्याच्यावाचून ही मिठाई उभीच राहत नाही. पिठाच्या किंवा स्टार्चच्या पातळ पापुद्र्याच्या दोन फुगीर वाट्या कडेने एकमेकींना जोडलेल्या असतात आणि पोटात चिमूटभर शर्बेट असते. रंग फिकट गुलाबी, पिवळा, हिरवा किंवा निळसर. हातात घेतली तर वजन जाणवत नाही, कानाशी हलवली तर वाळूसारखी पूड आत खुळखुळते. तोंडात ठेवल्यावर आधी काहीच घडत नाही. पापुद्रा टाळूला चिकटतो, त्याला थोडी शिळ्या कागदासारखी चव असते, आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटते की आपण फसलो. मग मध्यभागी तो भिजून विरतो, एक भोक पडते आणि आंबट फेसाचा झरा एकदम जिभेवर येतो.

असे सांगितले जाते की या मिठाईचा उगम बेल्जियममधील अँटवर्प शहरात १९५० च्या दशकारंभी झाला. तेथील बेलिका ही कंपनी चर्चमधील प्रसादाच्या पातळ चकत्या बनवीत असे आणि त्यांची मागणी घटल्यावर त्याच पापुद्र्यात तिने आंबट पूड भरली. गोव्यात किंवा वसईत ज्यांनी चर्चमधील ‘ओस्त’ पाहिला आहे, त्यांना हा पापुद्रा कोणता ते लगेच लक्षात येईल. आकाशात दिसणाऱ्या उडत्या तबकड्यांच्या बातम्यांनी लोक भारावलेले ते दिवस होते, त्यामुळे नावही तसेच पडले.

ब्रिटनमधील साखरेच्या टंचाईचा या मिठाईवर परिणाम झाला का?

सगळ्याच मिठायांवर झाला. दुसऱ्या महायुद्धात तिथे २६ जुलै १९४२ पासून मिठाई रेशनवर होती. बहुतेक काळ माणशी चार आठवड्यांना १२ औंस, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम मिळे. १९४९ मध्ये निर्बंध उठवून पाहिले, पण मागणी इतकी उसळली की काही महिन्यांत ते पुन्हा लादावे लागले. अखेर ५ फेब्रुवारी १९५३ रोजी मिठाई खुली झाली. आज ब्रिटनमध्ये शर्बेटविषयी जी हळवी आठवण सांगितली जाते, तिच्यामागे वर्षानुवर्षे मोजून मापून खाऊ मिळालेल्या आणि मग एका सकाळी पैसे नेऊन हवे ते मागू शकलेल्या पिढीचा अनुभव आहे.

याच काळातील आणखी एक नाव म्हणजे स्विझल्स. लंडनच्या बॉम्बहल्ल्यांमुळे १९४० मध्ये या कंपनीने डर्बीशायरमधील न्यू मिल्स येथे स्थलांतर केले आणि ती तिथेच राहिली. शर्बेटसारखे मिश्रण दाबून गोळ्या बनवणे ही तिची खासियत. गोल, वर बदामाच्या आकृतीत प्रेमाचा छोटासा मजकूर छापलेल्या ‘लव्ह हार्ट्स’ गोळ्या तिने १९५४ मध्ये आणल्या.

ब्रिटनबाहेर ही मिठाई मिळते का?

जर्मनीत तिची स्वतंत्र परंपरा आहे. तिथे तिला ‘ब्राउझेपुल्व्हर’ म्हणतात. थिओडोर बेल्टले यांनी १९२५ मध्ये, म्हणजे शर्बेट फाउंटनच्याच वर्षी, श्टुटगार्टमध्ये फसफसणाऱ्या लिंबूपाण्याची पूड तयार केली आणि पुढे ती ‘आहोय’ या खलाशांच्या हाकेच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुडीवर निशाण घेतलेला खलाशी असतो. ती पाण्यात घालून प्यावी अशी सूचना आहे, आणि जर्मन मुले ती पिढ्यान्‌पिढ्या तळहातावर ओतून चाटत आली आहेत. तिच्या स्वादांत लिंबू, संत्रे आणि रासबेरीबरोबर ‘वाल्डमाइस्टर’ ही जंगली सुवासिक वनस्पतीही आहे. ऑस्ट्रेलियात १९४७ पासून ‘विझ फिझ’ मिळते. तिच्या पाकिटात पूड खाण्यासाठी चिमुकला चमचा असतो.

तोंडात नेमके काय घडते?

लाळेत आम्ल विरघळले की ते सोड्यावर क्रिया करते. त्यातून एक क्षार, पाणी आणि कार्बन डायॉक्साइड तयार होतो. हिशोब पाहिला तर नवल वाटते: एक ग्रॅम सोड्यातून सामान्य तापमानाला पाव लिटरहून अधिक वायू निघतो. चिमूटभर शर्बेटमध्ये सोडा एक दशांश ग्रॅम असला, तरी तेवढ्यातून चहाचे पाच चमचे भरतील इतका वायू जिभेवर मोकळा होतो. तोंड भरून आल्यासारखे वाटते ते यामुळे.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. सायट्रिक आम्ल आणि सोडा यांची क्रिया उष्णता शोषून घेते. पुडीत डेक्स्ट्रोज असेल तर ते विरघळतानाही उष्णता घेते. त्यामुळे जीभ खरोखरच किंचित गार पडते; हा नुसता भास नव्हे. कोरडे ग्लुकोज जिभेवर गार का लागते, याचेही उत्तर हेच आहे.

तिसरी गोष्ट चुरचुरण्याची. ती बुडबुडे फुटल्यामुळे होते असा सर्वसाधारण समज आहे, पण मुख्य कारण रासायनिक आहे. जिभेवरील आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बोनिक अनहायड्रेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते कार्बन डायॉक्साइडचे रूपांतर आम्लात करते आणि पेशी जाग्या होतात. चार्ल्स झुकर आणि निकोलस रीबा यांच्या संशोधक गटाने २००९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे दाखवले. शिवाय वेदना आणि झिणझिण्या पोहोचवणाऱ्या नसाही या आम्लाने चाळवतात. हिमालयात उंचावर जाणारे गिर्यारोहक विरळ हवेच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड हे औषध घेतात. ते याच विकराला रोखते, आणि घेणाऱ्याला सोडावॉटर अगदी निर्जीव लागते. बुडबुडे तेच असतात, पण त्यांची चव गेलेली असते.

लोकांना ती इतकी का आवडते? चव तर साधीच असते.

चव साधीच असते, हे खरे आहे. साखर आणि आंबटपणा यापलीकडे तिच्यात फारसे काही नाही, आणि पेढा किंवा नारळीपाक यांच्या शेजारी ठेवली तर स्वादाच्या कसोटीवर ती टिकणार नाही. पण पेढा तोंडात जाण्याआधीच पुरा झालेला असतो. शर्बेट तोंडात गेल्यावर घडते. आधी कोरडेपणा, मग आंबटपणाचा झटका, मग फेस, थंडावा, आणि काही सेकंदांत सारे ओसरून मागे गोडवा. लहान मुलाला आपल्या तोंडात आपणच काहीतरी घडवून आणतो आहोत याचे अप्रूप वाटते आणि किती घ्यायचे, किती वेळ जिभेवर धरायचे हे तेच ठरवते.

त्यात थोडे धाडसही आहे. आंबट सहन करणे ही मुलांमधली एक परीक्षा असते. चिंचेचे बुटूक न तोंड वाकडे करता खाऊन दाखवणाऱ्या मुलीला वर्गात जो मान मिळे, तोच मान इंग्लंडमध्ये पुडी एका दमात तोंडात रिकामी करणाऱ्याला मिळत असणार.

पॉपिंग कँडी म्हणजे हीच का?

नाही. तोंडात तडतडणाऱ्या त्या खड्यांत आम्ल आणि सोडा यांची क्रिया नसते. वितळलेल्या साखरेत मोठ्या दाबाखाली कार्बन डायॉक्साइड भरून ती थंड केलेली असते. खडा विरघळला की अडकलेला वायू फट्‌कन सुटतो. अमेरिकेत जनरल फूड्स कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ विल्यम मिचेल यांनी १९५६ मध्ये ही युक्ती शोधली. तिथे वायू आधीच भरलेला असतो, तर शर्बेटमध्ये तो तोंडात जन्मतो.

महाराष्ट्रात शर्बेटसारखे काही होते का?

फसफसणारी पूड मिठाई म्हणून आपल्याकडे रुजली नाही, पण कोरडी आंबट-गोड पूड चाटण्याची आवड पुरेपूर होती आणि आहे. शाळेबाहेर मिळणारे बोरकूट हे तिचे अस्सल देशी रूप: वाळलेल्या बोरांची तपकिरी पूड, मीठ आणि तिखट लावलेली, वर्तमानपत्राच्या पुडीतून तळहातावर घ्यायची आणि जिभेच्या टोकाने उचलायची. त्या आंबटपणाने दातांच्या मुळाशी जी कळ येते, ती आणि शर्बेटची कळ एकाच जातीची आहे. उन्हाळ्याच्या सुटीत ग्लुकोज पावडर पाण्याऐवजी परस्पर तोंडात जाई, आणि झाकणाच्या कडेला चिकटलेली पूड पाहून आईला ते कळे.

आणखी एक नाते रसायनाचे आहे. युरोपात शर्बेटसाठी वापरले गेलेले टार्टारिक आम्ल द्राक्षांच्या मद्याच्या पिंपात साठणाऱ्या खरडीतून मिळे. आपल्या चिंचेच्या आंबटपणाचे मुख्य कारणही हेच आम्ल आहे. सायट्रिक आम्ल पूर्वी प्रामुख्याने इटलीतील लिंबांपासून काढत. जेम्स करी यांनी एका काळ्या बुरशीकडून ते साखरेपासून करवून घेण्याची रीत शोधली, १९१९ पासून अमेरिकेत फायझर कंपनीने त्या रीतीने उत्पादन सुरू केले आणि ते स्वस्त झाले. वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळते ते आज याच पद्धतीचे.

घरी करता येईल का?

सहज येईल. सहा चमचे पिठीसाखर, एक सपाट चमचा लिंबूसत्त्व आणि पाऊण चमचा खायचा सोडा, असे प्रमाण मला चांगले वाटते. सोडा यापेक्षा वाढवला तर साबणासारखी चव येते. आम्ल थोडे जास्तच राहिले पाहिजे, कारण क्रिया संपल्यावर मागे जो आंबटपणा उरतो तो या जास्तीच्या आम्लाचा असतो.

मिक्सरचे भांडे, चमचा आणि ताट पूर्ण कोरडे हवे. लिंबूसत्त्वाचे खडे आधी एकटेच बारीक वाटावेत आणि पूड खाली बसल्याशिवाय झाकण उघडू नये. ती नाकात गेली तर ठसका लागतो. मग तिन्ही पदार्थ चाळणीने दोनदा चाळून एकत्र करावेत. पहिल्या वेळी मी भांडे पुसून लगेच वापरले. डोळ्यांना ते कोरडे दिसत होते, पण पात्याखाली थेंबभर पाणी राहिले होते. पाच मिनिटांत पुडीचा ओलसर, फुगलेला गोळा झाला आणि तो चाखला तेव्हा नुसते खारट-गोड लागले. जे तोंडात घडायचे ते भांड्यातच घडून गेले होते.

पावसाळ्यात पूड दगडासारखी का होते?

आम्ल आणि सोडा यांच्या क्रियेतून पाणीही तयार होते. हवेतला थोडासा ओलावा क्रिया सुरू करायला पुरतो आणि पुढे तिचेच पाणी तिला चालू ठेवते. त्यामुळे कोकणातल्या जुलै महिन्यात उघडी ठेवलेली पूड एका रात्रीत मरते. घट्ट झाकणाची काचेची बरणी वापरावी आणि थोडी थोडीच करावी.

दातांना आणि मुलांना ती बाधते का?

साखर आणि आम्ल एकत्र असल्यामुळे दातांच्या दृष्टीने ती चांगली नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. आम्लाने दाताचे कवच तात्पुरते मऊ होते, म्हणून खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा. खूप खाल्ली तर जिभेची साल निघाल्यासारखी होते. अगदी लहान मुलांना कोरडी पूड देऊ नये, कारण श्वासाबरोबर ती घशात जाऊ शकते. ज्यांना मीठ कमी करायला सांगितले आहे त्यांनी सोड्यातले सोडियम लक्षात घ्यावे. रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमधाची मिठाई नेमाने खाऊ नये, कारण त्यातील ग्लिसरायझिन रक्तदाब वाढवते.

ती शाकाहारी असते का?

साखर, आम्ल आणि सोडा एवढीच पूड असेल तर शाकाहारीच. दाबून केलेल्या गोळ्यांत किंवा चिवट मिठायांत जिलेटिन असू शकते, आणि लाल रंगासाठी कीटकांपासून केलेले कोचिनील (ई १२०) वापरलेले असू शकते. परदेशातून आणलेल्या पाकिटावर आपला हिरवा ठिपका नसतो, तेव्हा घटकांची यादी वाचावी.

खाण्याची योग्य रीत कोणती?

थोडी घ्यावी आणि बोलू नये. चिमूटभर पूड जिभेच्या मध्यावर ठेवून जीभ टाळूला हलकेच लावावी, म्हणजे फेस दोहोंच्या मध्ये दाटतो आणि गारवा टाळूपर्यंत पोहोचतो. तो ओसरेपर्यंत गिळू नये. मग पाण्याचा एक घोट घ्यावा. त्या पाण्याला काही क्षण लिंबू सरबताची चव असते.